शून्यावर बरोबर

जयपूरच्या प्रताप नगरमधल्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून उत्तमराव वानखडे रोज संध्याकाळी साडेसातला सतरंजी अंथरत. डोक्याखाली उशी, अंगात रेल्वेचा जुना खाकी कोट, कानाला मफलर. पाठीवर आडवं होऊन ते एक काळं, पितळी कडांचं उपकरण डोळ्याला लावत. एका ताऱ्याकडे सरळ पाहत, दुसऱ्या ताऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब हळूहळू खाली आणत, आणि दोन्ही एकमेकांवर बसले की श्वास रोखून आकडा वाचत. वहीत लिहीत. परत तेच, पाच वेळा. मग पुढची जोडी.

ते उपकरण म्हणजे सेक्स्टंट. जहाजावर त्याने सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती उंच आहे ते मोजतात आणि त्यावरून जहाज कुठे आहे ते काढतात. प्रताप नगरला क्षितिज नाही. एका बाजूला हाउसिंग बोर्डाच्या इमारती, दुसरीकडे कोचिंग क्लासचा उजळलेला फलक, उत्तरेला विमानतळाचे दिवे. पण दोन ताऱ्यांमधलं अंतर मोजायला क्षितिज लागत नाही. ते अंतर किती असायला हवं हे ताऱ्यांच्या कोष्टकावरून गणिताने काढता येतं. उपकरण तेवढंच दाखवतं का, हे पाहायचं.

उत्तमराव चौसष्ट वर्षांचे. मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे. भुसावळला रेल्वेत लागले, अठ्ठ्याण्णव साली बदलीने जयपूरला आले आणि इथूनच निवृत्त झाले. छत्तीस वर्षं सिग्नल विभागात उपकरणं दुरुस्त केली. दोन स्थानकांमधली लाइन क्लिअर, म्हणजे मोकळी, आहे की नाही हे सांगणारी यंत्रं त्यांच्या टेबलावर येत. उघडायची, साफ करायची, सैल धुरी, म्हणजे काटा ज्यावर फिरतो तो आस, घट्ट करायची, काटा शून्यावर आणायचा आणि सील करायचं. सीलवर स्वतःचा क्रमांक. उत्तमरावांचा एकतीस. सील असलेलं यंत्र बरोबर असतं, असं धरूनच पुढचा माणूस काम करतो. ते सील दुसरा कोणी फोडत नाही.

आत्ता ते जे तपासत होते, त्या सेक्स्टंटच्या मागच्या झाकणावरही लाल लाखेचा ठिपका होता. त्यावर एकतीस.

सेक्स्टंट त्यांच्या मुलाचा. अभिनव तेवीस वर्षांचा आहे. समुद्र पाहिलेला वानखड्यांच्या घरातला तो पहिला. तो मालवाहू जहाजावर प्रशिक्षणाला निघाला तेव्हा उत्तमरावांनी गुजरातच्या किनाऱ्यावर जुन्या जहाजांचं सामान विकणाऱ्या एकाकडून हा सेक्स्टंट मागवला. जहाजावर सेक्स्टंट असतोच. पण आपलं हत्यार आपलं असावं, असं त्यांचं मत. उपकरण चांगल्या बनावटीचं होतं, फक्त आकडा दाखवणारा दांडा थोडा हलत होता. तो त्यांनी घरीच नीट केला, शून्य पाहिलं, सील केलं आणि मुलाच्या हातात दिलं.

चौदा महिन्यांनी, गेल्या जुलैत, अभिनव परत आला. त्याच्या प्रशिक्षणाच्या नोंदवहीत मुख्य अधिकाऱ्याने लिहिलं होतं की वारंवार सांगूनही हा मुलगा खगोलीय मोजमापात निष्काळजी आहे. कंपनीने कळवलं की सध्या जागा नाही. पुढची अधिकाऱ्याची परीक्षा देता येत होती. तिच्या तयारीचा वर्ग मार्चमध्ये सुरू होणार होता आणि नाव द्यायची मुदत पंधरा फेब्रुवारी होती. अभिनव नाव देणार नव्हता.

“माझ्या हातात ते नाहीये,” त्याने सांगितलं. “मतलब, मी चेक करायचो, सगळं करायचो, तरी चार मैल ऑफ. रोज.”

त्यानंतर तो या विषयावर बोलला नाही. इतर विषयांवरही फारसा नाही. अकराला उठायचा, खोलीचा पडदा लावलेलाच असायचा, मोबाइल छातीवर. ओरडत नव्हता, रडत नव्हता, जेवायला बोलावलं की येत होता. त्याची आई कलावती म्हणायची, “भांडला असता तं बरं झालं असतं.” संकेत नावाच्या शाळेतल्या मित्राने जयपूरमधल्याच झालाना भागातल्या एका कार्यालयात कंत्राटी जागा आहे म्हणून सांगितलं. एक मार्चपासून. अभिनवने त्याला हो म्हटलं.

डिसेंबरात कलावतीने माळ्यावरची ट्रंक उघडली. तिच्यात जहाजावरचे बूट, दोन पांढरे शर्ट आणि एक वही निघाली. वहीत दुपारच्या सूर्याची एकेचाळीस मोजमापं होती. प्रत्येकापुढे अभिनवने काढलेली जागा, त्यापुढे जीपीएसने दाखवलेली जागा, आणि शेवटच्या रकान्यात फरक. तीन मैल. चार मैल. साडेतीन. काही ठिकाणी दुसऱ्या कोणीतरी लाल पेनने शेरा मारला होता. एका पानावर इंग्रजीत होतं, ‘आज जहाज कुठल्या फलाटावर?’ मुलाचा बाप रेल्वेत होता हे जहाजावर सगळ्यांना माहीत होतं.

उत्तमरावांनी ती वही चष्मा पुसून दोनदा वाचली. त्यांना फरकाच्या आकड्यापेक्षा त्याची बाजू दिसली. निष्काळजी हाताची चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. इथे सूर्य उत्तरेला असला की जागा उत्तरेला सरकलेली, दक्षिणेला असला की दक्षिणेला. एकेचाळीसपैकी अडतीस वेळा सूर्याच्या दिशेने. हात असा एकाच बाजूला चुकत नाही. यंत्र चुकतं.

त्यांनी सेक्स्टंट पेटीतून काढला आणि शून्य पाहिलं. शून्य बरोबर होतं. शून्याच्या पुढचे अंश तपासायचे राहिले होते, म्हणून ते गच्चीवर गेले.

पहिला आठवडा वाया गेला. ब्रह्महृदय आणि व्याध या जोडीचं अंतर साडेसातला एक यायचं, नऊला दुसरं. फरक तीन-चार कलांचा. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, आणि समुद्रावर एक कला चुकली की जागा एक मैल चुकते. उत्तमरावांना वाटलं आपलाच हात थरथरतो. कोपराखाली विटा ठेवून पाहिल्या. सांगानेरच्या विमानतळावर उतरणारं विमान मध्येच आरशात शिरायचं आणि सगळं पुन्हा करावं लागायचं. संक्रांतीच्या आधीचे दिवस, गच्चीभर पतंगाचा मांजा. एकदा तो त्यांच्या पायात अडकला आणि सेक्स्टंट वाचवताना त्यांचा गुडघा फुटला.

कलावती जिन्यातून डोकं काढायची. “अहो, भाजी गार झाली. काय मोजू राह्यले एवढं? पळून चालले का ते?”

“हे एवढं झालं की आलो.”

“शेजारची तिवारीण इचारत होती, भाईसाहब छत पे लेटके क्या देखते हैं. म्या म्हटलं, तारे पाह्यतात. आज पोरीची कुंडली घेऊन आली. म्हणते, शादी का योग देख दीजिए.”

“मग?”

“मग काय. म्हटलं, ते फक्त अंतर सांगतात. योग नाही सांगत.”

उत्तमराव हसले नाहीत, पण त्या रात्री जेवताना तिवारीणबाईंच्या मुलीचं नाव त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते अभिनवच्या दारात उभे राहिले. “एक विचारायचं होतं. दोन ताऱ्यांमधलं अंतर वेळेप्रमाणे बदलतं का रे?”

अभिनवने मोबाइलवरून नजर काढली नाही. “रिफ्रॅक्शन. खालचा तारा हवेमुळे वर दिसतो. चॅप्टर सात.”

“पुस्तक कुठे आहे?”

“पलंगाखाली.”

तुम्हाला कशाला हवंय, असं त्याने विचारलं नाही.

पुस्तक इंग्रजी. उत्तमरावांनी सातवं प्रकरण नऊ दिवसांत वाचलं. तारा जितका खाली, तितका हवेतून येताना त्याचा प्रकाश वाकतो, आणि दोन ताऱ्यांमधलं दिसणारं अंतर खऱ्यापेक्षा थोडं कमी भरतं. ते किती, हे दोघांच्या उंचीवरून काढायचं आणि हिशेबात धरायचं. तसं केल्यावर साडेसातचा आणि नऊचा आकडा एक झाला. हात थरथरत नव्हता. विटा खाली गेल्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी पाच जोड्या पक्क्या केल्या. पुनर्वसूचे दोन तारे एकमेकांपासून साडेचार अंशांवर आहेत. मृगातले काक्षी आणि राजन्य अठरा अंश छत्तीस कला. रोहिणी आणि व्याध सेहेचाळीस अंशांच्या किंचित वर. ब्रह्महृदय आणि व्याध पासष्ट अंश पन्नास कला. रोहिणी आणि मघा ऐंशी अंश आठ कला, त्यासाठी मघा पुरेशी वर यायला नऊ वाजायचे. ही नावं त्यांना लहानपणापासून ठाऊक होती, अंतरं आता कळली.

चार फेब्रुवारीला दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर आलेख कागद पसरला आणि प्रत्येक जोडीला सेक्स्टंट किती जास्त दाखवतो ते बिंदू मांडले. पुनर्वसूला जवळपास काही नाही. अठरा अंशांना सात दशांश कला. सेहेचाळीसला दोनच्या थोडं वर. पासष्टला तीन पूर्णांक तीन. ऐंशीला चार पूर्णांक दोन.

त्यांनी बिंदू जोडले. रेष शून्यापासून निघून चढत गेली.

ती रेष त्यांच्या ओळखीची होती. धुरी मध्यावर बसलेली नसली की काटा असा चुकतो. शून्यावर बरोबर, पुढे पुढे जास्त. शिकाऊ असताना त्यांना ही पहिल्या महिन्यात दाखवली होती आणि पुढे त्यांनी ती कित्येक शिकाऊंना दाखवली होती.

धुरी मध्यावर का नाही हेही त्यांना माहीत होतं. दांडा हलत होता म्हणून त्यांनी मागचं झाकण उघडलं होतं, धुरी बाहेर काढून रॉकेलने धुतली होती आणि ती घट्ट बसावी म्हणून एका बाजूने पितळी पत्र्याची पट्टी सरकवली होती. जाडी बारा शतांश मिलिमीटर. सिग्नलच्या यंत्रांत तसं करतात. तिथे काट्याला पाव अंश इकडेतिकडे चालतं. मग त्यांनी शून्य तपासलं होतं. वरचे अंश तपासायला घरात साधन नव्हतं, आणि शून्य इतकं स्वच्छ आलं होतं की त्यांना ते लागेल असं वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती. रेल्वेच्या कारखान्यात दुरुस्त करणारा आणि तपासणारा एक नसतो. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर दोन सह्यांच्या जागा असतात, आणि एकाच माणसाने दोन्हीकडे सही केली तर ते यंत्र बाहेर जात नाही. छत्तीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. घरी दुसरी सही करायला कोणी नव्हतं. त्यांनी लाख वितळवली आणि एकतीस उमटवला.

त्या संध्याकाळी ते गच्चीवर गेले नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या संध्याकाळीही नाही.

“झालं का मोजून?” कलावतीने विचारलं.

“झालं.”

“काय निघालं?”

“मशीन खराब आहे.”

“मंग बरंच झालं की! पोराचा हात बरा आहे. सांगा नं त्याले.”

“मशीन मी बिघडवली.”

कलावती मेथी निवडत होती. ती तशीच निवडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “तरी सांगा.”

कारखान्यात दोषाचा अहवाल त्याच पाळीत द्यावा लागे. हा त्यांनी चार दिवस ठेवला. रविवारी सकाळी त्यांनी तो रेषा मारलेल्या कागदावर लिहिला, कार्यालयात लिहीत तसा, हिंदीत. दोष, कारण, जबाबदार कर्मचारी. शेवटच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि निवृत्तीपूर्वीचं पद. आलेख जोडला. अभिनव उठल्यावर त्याच्यासमोर ठेवला.

अभिनवने तो वाचला. “हे काय, पप्पा? चार्जशीट?”

“रिपोर्ट आहे.”

तो पुन्हा वाचू लागला. आलेखावर बोट फिरवलं. “मतलब झिरोला काही नाही. वर गेलं की वाढतं.”

“हो.”

“मी रोज झिरो चेक करायचो. चीफ ऑफिसरने पण एकदा केलं. म्हणाला, इन्स्ट्रुमेंट ठीक आहे, आदमी ठीक नाहीये.”

उत्तमराव उभेच होते. “तुला कधी मशीनवर संशय नाही आला?”

“सील होतं ना तुमचं,” अभिनव म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही. दिवस कोणता आहे ते सांगावं तसं.

मग त्याने जहाजावरची वही मागितली. तिच्यातला पहिला आकडा घेतला, त्यातून आलेखाच्या रेषेवरची चूक वजा केली आणि मोबाइलवर जागा पुन्हा काढली. फरक चार मैलांवरून अर्ध्या मैलावर आला. दुसरा आकडा घेतला. कलावतीने जेवायला हाक मारली, तो ताट घेऊन तिथेच बसला. एकेचाळीस मोजमापं व्हायला संध्याकाळचे सहा वाजले. अडतीस एका मैलाच्या आत आली.

“आणि तीन?” उत्तमरावांनी विचारलं.

“ती तीन माझी चूक आहे. त्या दिवशी ढग होते, घाई केली.” त्याने पेन मिटलं. “बाकी मी बरोबर होतो.”

“हो.”

“बरं,” अभिनव म्हणाला आणि मोबाइल चार्जिंगला लावायला उठला.

कलावतीला वाटलं होतं तो रडेल किंवा बापावर ओरडेल. तिने त्या रात्री दोन पोळ्या जास्त केल्या होत्या. त्याने रोजच्याएवढंच खाल्लं. उत्तमरावांनीही. चौदा महिन्यांचं काय करायचं ते दोघांपैकी कोणाला सुचलं नव्हतं.

सोमवारी उत्तमरावांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, सेक्स्टंट पालथा ठेवला आणि सीलवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. अभिनव पाणी प्यायला आला होता.

“काय करताय?”

“पट्टी काढतो. धुरी परत बसवतो. दोन तासांचं काम.”

“मग चेक कोण करणार? परत तुम्हीच?”

उत्तमरावांचा हात थांबला.

“उघडू नका,” अभिनव म्हणाला. “एरर आहे तर राहू द्या. रोज बदलत नाहीये ना? करेक्शनचं टेबल बनवा आणि बॉक्सच्या झाकणात चिकटवा. किती अंशाला किती मायनस. सगळ्या सेक्स्टंटला असतं ते. याचं आधीचं कोणीतरी फाडलंय, गोंदाचा डाग आहे बघा.”

डाग होता. त्यांनी तो कधी तरी पुसायचाही प्रयत्न केला होता.

“चूक तशीच ठेवून द्यायची?” उत्तमरावांनी विचारलं. छत्तीस वर्षं त्यांनी चूक दिसली की काढली होती.

“लिहून ठेवायची.”

उत्तमरावांनी स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला. मग म्हणाले, “टेबलावर दोन सह्या लागतील. दुसऱ्याने स्वतः मोजल्याशिवाय मी माझी करणार नाही.”

अभिनव ग्लास विसळून आत गेला.

संध्याकाळी पावणेआठला जिन्यात पावलं वाजली. उत्तमरावांनी सतरंजी अंथरलेली होती, पण तिच्यावर ते आडवे झाले नव्हते, कठड्यापाशी उभे होते. अभिनव सतरंजीवर आडवा झाला आणि त्याने सेक्स्टंट डोळ्याला लावला. उत्तमरावांनी बॅटरीला लाल कागद गुंडाळला आणि वही उघडली.

“अल्डेबरान, सिरियस,” अभिनव म्हणाला.

“रोहिणी, व्याध,” उत्तमरावांनी लिहिलं.

आकडा आला. परत आला. पाच वेळा. बुधवारी मावठाचे, म्हणजे हिवाळी पावसाचे, ढग आले आणि एक दिवस गेला. बाकीच्या संध्याकाळी ते तासभर गच्चीवर असत. आकडे सोडून एकच वाक्य बोललं गेलं. शुक्रवारी विमान आरशात शिरलं तेव्हा अभिनव म्हणाला, “हे एक लाइन क्लिअर न विचारता घुसतं,” आणि उत्तमरावांनी वहीवरून मान वर केली. मुलाने पुढचा आकडा सांगितला. त्यांनी लिहिला.

अभिनवचे आकडे आणि त्यांचे आकडे पाचही जोड्यांना तीन दशांश कलांच्या आत जुळले.

शनिवारी, चौदा तारखेला, उत्तमरावांनी जाड कागदावर रकाने आखले आणि दर दहा अंशांची वजाबाकी शाईने लिहिली. खाली दोन ओळी. दुरुस्ती: उत्तमराव वानखडे. तपासणी: पुढे मोकळी जागा. अभिनवने आकडे पुन्हा एकदा वहीशी ताडून पाहिले. पन्नास अंशांपुढे एक आकडा खोडायला लावला. उत्तमरावांनी नवा कागद घेऊन सगळं परत लिहिलं. मग त्याने सही केली.

कागद झाकणाच्या आत, गोंदाच्या जुन्या डागावर बसला.

त्याच दुपारी अभिनवने मोबाइलवरून परीक्षेच्या वर्गाला नाव दिलं. झालान्याच्या नोकरीचं काय करायचं ते संकेतला अजून कळवलेलं नव्हतं. कलावती दारात उभी होती.

“भरला का फॉर्म?”

“भरला.”

“बरं वाटलं का?”

त्याने जरा विचार केला. “नाही. काहीच नाही वाटत.”

“मंग काहून भरला?”

“टेबल आहे आता,” तो म्हणाला.

सेक्स्टंट पेटीत गेला. मागच्या झाकणावरचा लाल ठिपका तसाच आहे.